मातीच्या रस्त्यावर तेल पिणारी गाडी

वाघ दिसला नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण कोल्हापूरला परतल्यापासून जो तो पहिल्यांदा तेच विचारतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात जाऊन आले आणि वाघ दिसला नाही म्हटलं की समोरच्याचा चेहरा असा पडतो, जसा काही मीच तो वाघ लपवून ठेवलाय. मी गेले होते एक गाडी बघायला. ती बघितली, तिचं दुखणं शोधून काढलं, आणि त्या आनंदातून मी अजून बाहेर आलेले नाही. ज्यांना वाघच हवा असेल त्यांनी खुशाल इथूनच परत फिरावं.

माझं ऑइल इंजिनं दुरुस्त करायचं वर्कशॉप आहे. वडिलांचं होतं, त्यांच्यामागे मी चालवते. पाना घेतलेली बाई दिसली की नवीन गिऱ्हाईक आधी माझ्या पाठीमागे कोणी पुरुषमाणूस आहे का ते बघून घेतं. मी बघू देते. बघून झालं की कामाचं विचारते.

नलिनी माझी शाळेतली मैत्रीण. डॉक्टर झाली आणि आम्हाला कोणालाच न विचारता आलापल्लीच्या पलीकडे जंगलात जाऊन तिने लहानसं हॉस्पिटल काढलं. परदेशातल्या तिच्या काही स्नेह्यांनी त्या हॉस्पिटलला एक गाडी पाठवली होती. लांबलचक, मागे आडवा झोपलेला माणूस मावेल अशी, डिझेलवर चालणारी, आणि टर्बो बसवलेली. टर्बो म्हणजे इंजिनच्या धुरावर भिंगरीसारखं फिरणारं एक चाक. ते बाहेरची हवा ओढून दाबून इंजिनात कोंबतं, त्यामुळे लहान इंजिनही मोठ्या इंजिनासारखं ओढतं. आपल्याकडे तेव्हा टर्बोची मोटार म्हणजे मासिकातल्या चित्रात बघायची गोष्ट होती.

होळी होऊन गेली आणि नलूचा ट्रंक कॉल आला. मागे इतकी खरखर, की ती ओरडत होती आणि मी तिच्यापेक्षा मोठ्याने ओरडत होते.

"शकू, गाडी इंजिनचं तेल पितेय. डिझेल नाही गं, तेल! नागपूरच्या गॅरेजात ठेवली की थेंब कमी होत नाही. इकडे आली की परत सुरू. आमचे काळेसाहेब म्हणतात, गाडी नाही पीत, ड्रायव्हर विकतो. पुढच्या बैठकीत त्याला काढून टाकणार आहेत."

"आणि ड्रायव्हर काय म्हणतो?"

"तो म्हणतो, इंजिन कळणारं माणूस आणा, त्याने मला चोर म्हटलं तर मी आपणहून जाईन. शकू, मला दुसरं कोण माहीत आहे?"

वर्कशॉप धाकट्या भावावर सोपवलं आणि निघाले. महाराष्ट्राच्या या टोकाहून त्या टोकापर्यंतचा आगगाडीचा प्रवास मी सांगत बसत नाही. धूळ, घाम आणि शेजारच्या बाईंची संत्री, एवढंच आठवतं.

चंद्रपूर

स्टेशनाबाहेर ती गाडी उभी होती, आणि तिच्याशेजारी हात मागे बांधून तिचा ड्रायव्हर. पन्नाशीचा, काटक, इस्त्रीचा पांढरा सदरा. मी पेटी घेऊन जवळ गेले तसा तो पुढे झाला.

"नमस्कार जी बाई. मीच तो डोमाजी, ज्याच्यावर तेलाचा आळ हाये."

आपली ओळख अशी करून देणारा माणूस मी पहिल्यांदाच बघितला. मी नमस्कार केला आणि सवयीने डाव्या बाजूचं दार उघडलं. तिथे स्टिअरिंग होतं.

"तिकडून नाई जी, इकडून बसा. हिचं सारं उलटं हाये."

म्हणजे मी उजवीकडे, जिथे आपल्याकडे ड्रायव्हर बसतो, आणि डोमाजी डावीकडे. पुढच्या सगळ्या प्रवासात याची गंमत चालली. समोरून येणारे बैलगाडीवाले माझ्यावर ओरडायचे. मी मोकळे हात वर करून दाखवले की ते आणखीनच घाबरायचे. जंगल नाक्यावरच्या गार्डाने तर मला सलाम ठोकला आणि नंतर खाली वाकून विचारलं, "मंग गाडी कोन चालवून राह्यलं जी?"

मूल गाव मागे पडलं. डॅशबोर्डवर बुद्धाचा एक छोटा फोटो लावलेला, त्याच्याकडे बघत मी इंजिन ऐकत होते. आवाज सुरेख होता. वैनगंगा ओलांडताना पाणी पार मधल्या वाळूत जाऊन बसलेलं दिसलं. आमच्या पंचगंगेसारखी ही अंगाला खेटणारी नदी नाही, दूर राहून रुंदीनेच धाक घालते. पुलानंतर डोमाजी बोलला.

"बाई, तुमी इंजिन पाहाले आल्या ना? मंग मलेबी पाहा. दोघाईले पाहा. गाडी तेल पिऊन राह्यली हे खरं हाये. म्या तेल इकलं नाई हेबी खरं हाये. दोनी खरं कसं, तेच मले समजत नाई."

"आधी काय करत होतात?"

"नागभीडकडे धानाच्या मिलमंदी इंजिन चालवत होतो. पंधरा-वीस वर्सं झाले असन. तुमच्याच मुलखातलं इंजिन हाये ते, मोठ्या चाकाचं. मंग डॉक्टरबाईनं गाडीसाठी बलावलं."

ऑइल इंजिनावर आयुष्य काढलेला माणूस भेटला की माझं अर्धं मन तिथेच विरघळतं. पण मी ते दाखवलं नाही. तपासायला आलेल्या माणसाने लगेच माया करू नये.

हॉस्पिटल

आलापल्लीनंतर डांबर संपलं. डोमाजीने गाडी बाजूला घेतली, "पाणी पाहातो जी" म्हणून उतरला, बॉनेट उघडून काहीतरी केलं आणि परत येऊन बसला. मी उतरले नाही. सागाची ती सरळसोट झाडं बघत बसले होते. पानं गळून गेलेली, खाली वाळक्या पानांचा थर, आणि मधेच एखादा पळस पेटल्यासारखा लाल. गाडी सुटली तशी मागे लाल धुळीची भिंत उभी राहिली. आणि थोड्या वेळात मला जाणवलं, की चंद्रपूरपासून झकास ओढणारं इंजिन आता चढावर धापा टाकतंय.

नलू फाटकातच उभी होती. आम्ही दोघी गळ्यात पडून रडलो, मग हसलो, मग ती म्हणाली, "किती जाडी झालीस!" मैत्रीण तीच राहिली होती.

हॉस्पिटलचे व्यवस्थापक काळेसाहेब मूळ नागपूरचे. माणूस वाईट नाही, पण एकदा मत झालं की ते बदलणं त्यांना अपमान वाटतो. चहा घेताना त्यांनी मला सरळ सांगितलं.

"मॅडम, नागपूरला गाडी गॅरेजमध्ये होती, ट्रायलला रोज फिरवत होते. तेल तसूभर हललं नाही. तिथे हा नव्हता. इथे हा आहे, इथे तेल जातं. याच्यात इंजिनिअरिंग कुठे आहे?"

"मला बघू तर दे," मी म्हणाले. रागात मी कोणालाही अरे-तुरे करते. नलूने टेबलाखालून माझा पाय दाबला.

सकाळी मी गाडीखाली शिरले. गळती कुठेच नाही, तेलाचं चेंबर बाहेरून कोरडं. पाण्यात तेलाचा तवंग नाही. इंजिन चालू ठेवून तेल भरायचं झाकण काढलं आणि तोंडावर तळहात धरला. पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या असल्या की तिथून धुराचे फुत्कार येतात. इथे अगदी शांत. म्हणजे इंजिन तरुण होतं. नंतर तेल वरच्या खुणेपर्यंत भरलं आणि माझी पेटी उघडून, भरायच्या झाकणावर आणि तेल सोडायच्या खालच्या बोल्टवर रंगाची बारीक रेघ ओढली. कोणी उघडलं तर रेघ तुटणार. डोमाजी शेजारी उभा राहून बघत होता.

"हे माझ्यासाठी हाये ना जी?"

"तुमच्याच बाजूने आहे, डोमाभाऊ," मी म्हणाले. तो मान हलवून आत पाणी आणायला गेला.

एटापल्लीची वाट

नलूला आठवड्याला एकदा आत जंगलातल्या गावांना जायचं असतं. मी बरोबर गेले. पहाटे निघालो तेव्हा मोहाच्या झाडांखाली बाया टोपल्या घेऊन फुलं वेचत होत्या. तो गोड, आंबूस वास गाडीत शिरला तो दिवसभर गेला नाही. आमच्याकडे मोह म्हटलं की लोक डोळे मिचकावतात. इथे ते अंगणात धान्यासारखं वाळत घातलेलं असतं, आणि वाळवलेल्या फुलांच्या भाकरीचा एक तुकडा मीही खाल्ला. गुळाच्या पोळीला चुलीचा धूर लागावा तशी चव. मला आवडली.

एका गावात एक म्हातारी गोंड आजी गाडीत बसली. तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन व्हायचं होतं. "जोहार" म्हणून तिने सगळ्यांना हात जोडले आणि डॉक्टरबाईंसाठी आणलेली कोंबडी टोपलीसकट माझ्या मांडीवर ठेवली. पुढच्या खड्ड्याला टोपली उलटली, कोंबडी डोमाजीच्या पायांत गेली, ब्रेकच्या पेडलखाली शिरली, आणि गाडी सागाच्या एका ओंडक्याला अलगद टेकून थांबली. आजी इतकी हसली की तिला दिसत नसूनही सगळं दिसलं असावं. कोंबडी मी पकडली. कोल्हापूरच्या बाईला तेवढं येतं.

पण परतीच्या चढावर हसणं थांबलं. गाडी चढेना. डोमाजीने गिअर उतरवले, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला, आणि मी मान वळवून मागे बघितलं तर धुळीत मिसळलेला निळा धूर. निळा धूर म्हणजे तेल जळतंय. आजी मागच्या सीटवर दोन्ही हातांनी दांडी धरून बसलेली. नलू हळूच म्हणाली, "पावसात, चिखलात, बाळंतपणाची बाई आत असताना हिने असं केलं तर?"

हॉस्पिटलला पोचल्यावर डोमाजीने नेहमीप्रमाणे आधी बॉनेट उघडलं आणि इंजिन पुसायला घेतलं. त्याची ती रीतच होती. घोड्याला खरारा करावा तसा तो गाडी थांबली की इंजिन पुसायचा. मी तोंडावर पाणी मारून, आजीला नलूच्या हवाली करून आले तोपर्यंत आत सगळं लख्ख होतं. कुंपणावर त्याने धुतलेलं एक कापड वाळत टाकलं होतं. हिरवं, लाल काठाचं. ड्रायव्हरकडे पुसायचं कापड असतंच, मी त्याकडे काय बघणार?

डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची ती पट्टी, बाहेर काढली. तेल खाली गेलं होतं. रंगाच्या दोन्ही रेघा जशाच्या तशा होत्या.

मला इतका आनंद झाला की मी तिथेच टाळी वाजवली. डोमाजी चोर नाही! टर्बोकडून इंजिनात जाणारा पाइप सोडला तर आत बोट काळंकुट्ट. तेल टर्बोतून जातं, हेही कळलं. मग टर्बोचा दांडा बोटांनी हलवून बघितला, झिजला असेल म्हणून. तर तो ठणठणीत. हवेची गाळणी उघडली, ती नव्यासारखी स्वच्छ.

"एवढ्या धुळीतून आलो, आणि ही एवढी साफ?"

"जपून ठिवतो जी," डोमाजी म्हणाला. "डॉक्टरबाईनं पयल्याच दिवशी सांगलं होतं, हे कागदाचं गाळणं आपल्या देशात भेटत नाई, जिवापाड जपा."

शाबास म्हणून मी पुढे गेले. उत्तर माझ्या हातात होतं आणि मी त्याची तारीफ करून ते परत जागेवर बसवलं.

काळेसाहेबांना रेघा दाखवल्या. त्यांनी चष्मा पुसला. "रंग बाजारात मिळतो, मॅडम. मला एवढंच सांगा, टर्बो चांगला, इंजिन चांगलं, तर तेल इथेच का जातं आणि नागपूरला का नाही?"

ते मला सांगता येईना. सांगता आलं नसतं तर बैठकीत डोमाजी गेलाच असता, नुसत्या माझ्या टाळीवर तो राहिला नसता.

नागभीडकडे

नागपूरहून औषधांचे खोके बुटक्या, अरुंद रुळांच्या आगगाडीने नागभीडला येतात. ते आणायला डोमाजी निघाला तशी मीही निघाले. गडचिरोलीला तेल खुणेपर्यंत भरलं, पाइप आतून पुसला. पुढे आरमोरी, ब्रह्मपुरी. डांबरच डांबर. गाडी फुलासारखी चालली. ब्रह्मपुरीला थांबवून पट्टी बघितली, तेल जागेवर. पाइपात बोट घातलं, कोरडं. डोमाजी माझ्याकडे बघत होता.

"गाडीवर मीच हाये, तरी तेल गेलं नाई. आज मले पाहून भेलं का?" तो म्हणाला. हसण्यासाठी म्हणाला असावा, पण त्याचे डोळे हसत नव्हते.

जंगल संपून इथे सगळा धानाचा मुलूख. कापणी होऊन गेलेल्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली भातशेतं, आणि दर गावाला एक तलाव, त्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, ताडाची झाडं. नागभीडजवळच डोमाजीचं गाव. "मायकडे जेवल्याबिगर जाऊ नका जी," म्हणाला. मी कुठे नाही म्हणतेय!

त्याची आई म्हणजे हातभर उंचीची, पण अख्खं घर आवाजावर चालवणारी बाई. तलावावरून ढिवराने, म्हणजे तिकडच्या कोळ्याने, नुकतीच आणून दिलेली मासळी, वांग्यात घातलेले सुके झिंगे, लाखोरीच्या डाळीचे वडे, जवसाची चटणी, आणि भात. भात संपला की आणखी भात. मी भाकरीची माणूस. विचारलं, भाकरी नाही का करत?

"भाकर? तब्येत बरी नाई का वो बाई तुमची?" म्हातारीने खरंच काळजीने विचारलं.

जेवता जेवता ती लेकाची गाऱ्हाणी सांगायला लागली. "लेक चांगला हाये माहा. पण मले एक जुनं लुगडं घरात ठिवू देत नाई. आला का घिऊन गेला. माहे सारे लुगडे यानं इंजिनाले नेसवले!"

सगळे हसले, मीही हसले. पुसायला नेत असेल. लाल काठाचं हिरवं लुगडं तिच्या अंगावरही होतं.

जेवण झाल्यावर डोमाजीने मला त्याची जुनी धानाची मिल दाखवायला नेलं. आता ती त्याचा भाटवा, म्हणजे बहिणीचा नवरा, तुळशीराम चालवतो. आत कोंड्याचा इतका धुरळा की समोरचा माणूस पिवळा दिसावा. आणि त्या धुरळ्यात आमच्या मुलखातलं ते मोठ्या चाकाचं इंजिन ठक-ठक-ठक करत चाललेलं. इतक्या दूर घरचं माणूस भेटल्यासारखं झालं. मी जवळ गेले, चाकाला नमस्कार केला, आणि थांबले.

इंजिन जिथून हवा घेतं त्या तोंडावर लुगड्याचा दुहेरी तुकडा सुतळीने आवळून बांधलेला होता. लाल काठाचा, हिरवा.

"हे काय?" मी ओरडून विचारलं. मिलमध्ये ओरडल्याशिवाय ऐकू येत नाही.

"नाक बांधलं जी!" तुळशीराम ओरडला. "कोंडा आत नाई गेला पायजे. इकडच्या साऱ्या मिलमंदी बांधतेत. डोमाजीनंच शिकवलं आमाले. ओलं करून बांधाचं, धूळ चिकटते."

मी डोमाजीकडे वळले. "डोमाभाऊ, गाडीलाही बांधता?"

"हो जी," तो म्हणाला. रस्त्याने डावीकडून चालता का असं विचारल्यासारखा. "मातीच्या रस्त्यावर बांधतो. डांबरावर काऊन बांधाचं? तिथी धूळ कुठी हाये?"

मी काय केलं ते सांगायला मला लाज वाटत नाही. त्या कोंड्यात, दोन पुरुषांसमोर, मी नाचले. खरोखर नाचले. तुळशीरामने घाबरून इंजिन बंद केलं.

नागपूरला डांबर, कापड नाही, तेल जात नाही. जंगलात माती, 'पाणी पाहातो' म्हणून उतरून कापड बांधलं, तेल गेलं. पोचल्यावर कापड सोडून धुऊन कुंपणावर. आणि मी त्या कुंपणाशेजारी उभी राहून टर्बोचा दांडा हलवत बसले होते!

पण नाचून झाल्यावर लक्षात आलं, की आता हे याला सांगायचंय. त्याच्या जिवापाड जपण्यानेच हे झालं, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? मग ठरवलं, सांगायचं नाही, दाखवायचं. गाडी मिलच्या दारात घेतली. "बांधा," म्हटलं, "रोजच्यासारखं."

त्याने कापड भिजवलं, दुहेरी केलं, गाळणीच्या तोंडावर सफाईने बांधलं. मी त्यावर मिलमधला मूठभर कोंडा उडवला, रस्त्याची धूळ म्हणून. इंजिन सुरू करून तुळशीरामला सीटवर बसवलं, ॲक्सिलरेटर दाबायला सांगितलं, आणि डोमाजीचा हात धरून गाळणी आणि टर्बो यांच्यामधल्या रबरी पाइपवर ठेवला. इंजिनने आवाज चढवला तसा तो जाड पाइप त्याच्या हाताखाली आत आत ओढला गेला, चेपला, चपटा झाला. मी सुतळी ओढून कापड काढलं. पाइप फटकन फुगला.

डोमाजी हात तिथेच ठेवून उभा राहिला.

"मिलचं इंजिन सावकाश श्वास घेतं," मी म्हणाले. "त्याला कापडातून पुरतो. हिच्या टर्बोला पन्नास माणसांचा श्वास लागतो. पुढून हवा मिळाली नाही की तो मागून, आपल्याच दांड्यावरचं तेल ओढून घेतो. शहाळ्याच्या नळीचं टोक दाबलं, मधे चीर असली आणि ओढत राहिलं तर काय येईल? जे हाताशी असेल ते येईल."

मला वाटलं, रडतो की काय. मग त्याने ते ओलं कापड घडी करून खांद्यावर टाकलं.

"म्हंजे तेल म्या इकलं नाई."

"नाही."

"पण गेलं माह्याच हातानं."

"तुमच्या हाताने गेलं, कारण तुम्ही तिला जपत होता. चोराच्या हाताने गेलं नाही. यात फार फरक आहे, डोमाभाऊ."

"हाये जी," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच पूर्ण हसला. "लय फरक हाये."

परत

काळेसाहेबांना मी कागदावर काही लिहून दिलं नाही. "गाडीत बसा," म्हटलं. त्यांना उजवीकडे, माझ्या मानाच्या जागेवर बसवलं. मागे नलू, मी, आणि डोळ्याला पट्टी बांधलेली ती गोंड आजी. तिला गावी सोडायचंच होतं. निघण्याआधी काळेसाहेबांच्या हातानेच तेल वरच्या खुणेपर्यंत भरलं, झाकणही त्यांनीच लावलं. गाळणीचं म्हणाल तर रोज काढून झटकायची, आणि ट्रॅक्टरची कोणती गाळणी हिला बसेल ते मी मापं घेऊन कोल्हापूरहून पाठवणार होते. तेवढ्या धुळीला घाबरायचं कारण नव्हतं.

वाटेत डोमाजीने काळेसाहेबांना स्वतःच सगळं सांगितलं. आईची लुगडी, मिल, नाक बांधणं, सगळं. लपवाछपवी नाही की आवाज खाली नाही. काळेसाहेब पुढे बघत ऐकत होते, आणि समोरचा बैलगाडीवाला त्यांच्यावर ओरडत होता.

मग तो चढ आला. गेल्या खेपेला जिथे नलूचा आवाज हळू झाला होता, तोच. डोमाजीने गिअर टाकला आणि गाडी वर निघाली. तशीच, जशी चंद्रपूरहून आली होती. मी मागच्या काचेतून बघत होते. लाल धूळ, नुसती लाल धूळ. निळं काही नाही. मी नलूचा दंड इतका आवळला की ती किंचाळली. आजीने काय झालं विचारलं. नलूने तिला गोंडीत काहीतरी सांगितलं, आणि आजीने पुढे हात करून डोमाजीच्या खांद्यावर थोपटलं.

परतलो तेव्हा हॉस्पिटलच्या आवारात सगळे जमले होते. नर्सबाई, स्वयंपाकी, रोग्यांचे नातेवाईक. डोमाजीवरचा आळ सगळ्यांना माहीत होता, त्यामुळे कोणी आत गेलं नाही. थोडा वेळ थांबलो, तेल खाली उतरू दिलं. मग काळेसाहेबांनी बाही सरसावली आणि पट्टी बाहेर ओढली. आधी पुसून परत घालायची असते, पण पुसायला काही नव्हतं. ते इकडे तिकडे बघायला लागले, रुमाल काढावा की नाही या विचारात.

डोमाजीने खांद्यावरचं हिरवं कापड काढून त्यांच्यापुढे धरलं. "पुसा, साहेब. आता त्याले हेच काम हाये."

काळेसाहेबांनी पट्टी पुसली, आत घातली, काढली. वरच्या खुणेवर. त्यांचा विश्वास बसला नाही. परत पुसली, परत घातली, परत काढली. वरच्या खुणेवर. मग त्यांनी पट्टी उंच धरली, सगळ्यांना दिसेल अशी, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "डोमाजी, मी तुला चोर म्हटलं. चुकलो."

डोमाजीने त्यांच्या हातून पट्टी घेतली, जागेवर बसवली, बॉनेट लावलं, आणि कापडाची नीट घडी करून सीटखाली ठेवली.

"हात काळे झाले जी तुमचे," तो काळेसाहेबांना म्हणाला. "या, म्या पाणी घालतो."